चौथ्या चाकाची आतली बाजू

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळचे साडेनऊ. काम: नितीनच्या गाडीच्या चौथ्या चाकाचं लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, आतल्या बाजूने काढायचं, खाली धातू दिसेपर्यंत.

रफीकभाई, तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले आणि मी तुमच्या हातचं शेवटचं काम खरवडायला बसले आहे. शटर अर्धंच वर केलंय, म्हणजे कुणी आत येऊन सांत्वन करायला नको. गेले बारा दिवस जो येतो तो आधी तुमच्याबद्दल चांगलं बोलतो आणि मग आपली चाकं कधी मिळतील ते विचारतो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "क्रम तरी बरोबर ठेवतात, मंगलताई."

रिमूव्हर लावून वीस मिनिटं झाली. लॅकर आता सुरकुतायला लागलंय, दुधावरच्या सायीसारखं. अजून पाच मिनिटांनी प्लास्टिकच्या पट्टीने ओढलं की वरचा थर निघेल. सगळा निघणार नाही. तुमचं लॅकर एका हाताला कधीच निघत नाही. दुसऱ्यांदा रिमूव्हर लावावा लागेल, आणि मधल्या वेळात मला बसून राहण्यापलीकडे काही करता येणार नाही. म्हणून वही घेतली.

मला रडू वगैरे येत नाही, हे आधीच सांगते. तुमच्या घरी त्या दिवशी बायकांनी माझ्याकडे दोनदा वळून पाहिलं. शमीमभाभींनीच त्यांना सांगितलं, "त्यांचं असंच आहे. त्या नंतर कामाला लागतील."

तर लागले आहे.

आपण भोसरीच्या त्या कारखान्यात चौदा वर्षं होतो. गाड्यांची अ‍ॅल्युमिनियमची चाकं ओतली जायची तिथे. मी तपासणीत, तुम्ही रंगकामात. आपलं बोलणं म्हणजे भांडण. मी चाक नापास करून परत पाठवायचे, तुम्ही ते उचलून माझ्या टेबलावर आणून आदळायचात आणि आजूबाजूच्यांना विचारायचात, "ह्यात मॅडमना काय दिसलं, कुणाला दिसतंय का?" कुणाला दिसायचं नाही. मग मी पेन्सिलने गोल करून दाखवायचे. तुम्ही चष्मा पुसायचात, बघायचात आणि "हं" म्हणून घेऊन जायचात. कबूल असं कधी म्हणाला नाहीत. ते "हं" म्हणजेच कबुली, हे समजायला मला दोन वर्षं लागली.

कारखाना बंद झाला तेव्हा सगळे एकमेकांना फोन करून हळहळत होते. तुम्ही फोन केला नाहीत. थेट नारायण पेठेत आमच्या घरी आलात, गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून घामाघूम, आणि पिशवीतून एक खराब झालेलं चाक काढून माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलंत. फुटपाथला घासून कड गेलेली, लॅकर ठिकठिकाणी उडालेलं, उरलेल्या लॅकरखाली पांढऱ्या नागमोडी रेघा, अळीने पान खावं तशा.

"अशी चाकं पुण्यात हजारो आहेत," तुम्ही म्हणालात. "लोक नवी घेतात, नाहीतर वरून चंदेरी रंग मारून घेतात. नीट करणारं कुणी नाही. तुम्ही नापास करा, मी रंगवतो. इतकी वर्षं कंपनीसाठी भांडलो, आता स्वतःसाठी भांडू."

मी आधी तुम्हाला ते चाक ओट्यावरून खाली ठेवायला लावलं. मग चहा टाकला. हो असं मी त्या दिवशी म्हटलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी कोंढव्याला शेड बघायला आले.

दुसरा हात लावून झाला. थर जाड आहे हो. तीन हात मारलेत तुम्ही आतल्या बाजूलाही, जिथे गिऱ्हाइकाची नजर कधी जात नाही.

आपल्या शेडमध्ये येणाऱ्या दहातल्या आठ जणांना आपल्या चाकावर लॅकर असतं हेच ठाऊक नसायचं. ते कोथरूडचे गृहस्थ आठवतात? पितळेची भांडी घासायचं पॉलिश आणून महिनाभर दर रविवारी चाकं घासत होते. चाकं दिवसेंदिवस धुरकट. शेवटी रागारागाने आपल्याकडे आले, जणू आपणच ती ओतली होती. तुम्ही पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेतलंत, त्यांच्या चाकावर चोळलंत आणि फडकं त्यांच्यासमोर धरलंत. पांढरंच.

"उघडं अ‍ॅल्युमिनियम असतं तर हे काळं झालं असतं," तुम्ही म्हणालात. "हे काळं झालं नाही, म्हणजे तुम्ही धातूला हातच लावलेला नाही. वरचं लॅकर घासताय. आरशावर चरे पाडायचे आणि चेहरा नीट दिसत नाही म्हणून तक्रार करायची, असं चाललंय."

ते गृहस्थ चिडून निघून गेले आणि चार दिवसांनी चारही चाकं घेऊन आले. तुमच्या बोलण्याने आपलं एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. माझ्या गोड बोलण्याने दोन तुटली.

आणि नवीन आलेला प्रत्येक माणूस माझ्या डोक्यावरून आत बघत विचारायचा, "साहेब आहेत का?" तुम्ही आतून, हातातली स्प्रेगन खाली न ठेवता ओरडायचात, "साहेब त्याच. मी रंगारी." अकरा वर्षं. एकदाही कंटाळला नाहीत. याबद्दल मी तुमचे कधी आभार मानले नाहीत. आता मानते.

मी मात्र तुमच्याकडून बोलणी खाल्ली ती बोटांवरून. पॉलिश झालेल्या चाकाला लॅकर मारायच्या आधी उघड्या हाताने शिवायचं नाही, हा तुमचा नियम. एकदा मी चाक सरकवलं आणि माझ्या अंगठ्याचा ठसा लॅकरखाली कायमचा बंद झाला. चाक उन्हात तिरकं धरलं तरच दिसायचा. मी म्हटलं, जाऊ द्या, कुणाला कळणार आहे. तुम्ही म्हणालात, "मॅडमची सही आहे, तेव्हा पास म्हणायचं का?" आणि सगळं लॅकर काढून परत पहिल्यापासून. म्हणजे बारीक काम माझंच नव्हतं, तुमचंही होतं. म्हणूनच नितीनच्या चाकावरून मला इतका राग आला.

आता त्या चाकाबद्दल.

नितीन हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. जुनी गाडी नवीन घेतलेली, घरात सहा महिन्यांचं बाळ. "काकू, शोरूमसारखी करून द्या." चारही चाकं आली. चौथ्याच्या आतल्या बाजूला, जिथे टायर बसतो त्या कडेजवळ, मला बोटाच्या पेराएवढी रेघ दिसली. केसासारखी. मी तुम्हाला हाक मारली.

तुम्ही बोट फिरवलंत. "लॅकरची चीर आहे. खड्ड्यात आपटली असेल गाडी. धातू ठीक आहे."

"मला तडा वाटतो."

"तुम्हाला सगळंच वाटतं."

"आतलं लॅकर काढू आणि रॉकेल-खडू करू." ही आपली कारखान्यातली जुनी पद्धत: एका बाजूने रॉकेल लावायचं, दुसऱ्या बाजूला खडूची पूड. तडा आरपार असला तर खडूवर ओली रेघ उमटते. खोटं बोलायला तिथे जागाच नसते.

"आतली बाजू सोलून काढायची, परत रंगवायची, दोन दिवस जाणार. शनिवारी द्यायची आहेत. माझं बोट सांगतंय ना."

तेव्हा मी ते बोलले. "तुमचं बोट पंधरा वर्षांपूर्वीचं आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन टाळताय. रेघ दिसतच नाहीये तुम्हाला, कबूल करा."

तुम्ही चाक खाली ठेवलंत, अगदी हळू. "मॅडम, तुम्ही चाकं तपासा. माणसं तपासू नका."

तुम्ही मला असं मॅडम म्हणालात की बोलणं संपलं, हे मला समजतं. मी पर्स उचलून घरी गेले. दुसऱ्या दिवशी मला नाशिकला जायचं होतं, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. चार दिवस गेले. सोमवारी परत आले तर चाकं गेलेली.

"दिली?" मी विचारलं.

"दिली."

एवढंच. त्यापुढे मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत. आठ दिवस आपण एका शेडमध्ये कामापुरतं बोलत होतो. घासायचा पेपर चारशेचा की सहाशेचा, कॉम्प्रेसरचं पाणी काढलं का. मला वाटत होतं, तुम्ही ती रेघ तशीच रंगाखाली दडपली. आणि त्या चाकावर एक बाळ बसून फिरतंय.

मग नितीनला लगेच फोन का केला नाही? हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण सांगते. फोन करायचा म्हणजे गिऱ्हाइकाला सांगायचं की माझ्या भागीदाराने तडा गेलेलं चाक पास केलं. ते तोंडातून निघेना. आठ दिवस निघालं नाही. कारखान्यात माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला दुपारपर्यंत घरी पाठवलं असतं.

नवव्या दिवशी तुम्हाला दम लागला आणि ऑक्सिजनवर ठेवलं. त्या दिवशी मी नितीनला फोन केला. तरीही खरं सांगितलं नाही. म्हटलं, "चौथ्या चाकाचं लॅकर नीट बसलेलं नाही असं वाटतंय, एकदा आणून दाखव." तुमचं नाव वाचवलं असं मला वाटलं. झालं काय, तर लॅकरसाठी कोण धावत येतं? तो म्हणाला, "काकू, मस्त चमकतंय. ऑफिसला तर कंपनीच्या बसनेच जातो, गाडी पार्किंगमध्येच असते. येईन सवडीने."

सवडीने तो बायको आणि बाळाला घेऊन महाबळेश्वरला गेला. मला दोन दिवसांनी कळलं, त्याने फोटो पाठवला तेव्हा. गाडी एका वळणावर उभी, चाकं चकाकतायत, खाली लिहिलेलं, "काकांना दाखवा." मी तो फोटो मोठा करून चौथं चाक शोधत बसले. ते पलीकडच्या बाजूला होतं.

लगेच फोन लावला. घाटात रेंज नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने उचलला, तेव्हा ते घरी पोचून जेवले होते. मी नुसतं "बरं" म्हटलं. खरं तेव्हाही सांगितलं नाही.

हॉस्पिटलमध्ये मी आठ-दहा वेळा आले असेन. प्रत्येक वेळी विचारायचं ठरवून यायचे. तुमच्या तोंडावर तो मास्क. एकीकडे वाटायचं, बघा, मी अकरा वर्षं सांगत होते मास्क लावा, रुमाल बांधून लॅकर मारू नका. मी आणलेला चांगला मास्क तुम्ही खिळ्यावर टांगलात आणि त्यावर कॅलेंडर लावलंत. डॉक्टर म्हणाले, कारणं बरीच असू शकतात. मी डॉक्टर नाही, सोडून दिलं. पण श्वासासाठी झगडणाऱ्या माणसाला "ते चाक पास कसं केलंत" असं विचारता येत नाही. मी सांगायचे, कॉम्प्रेसरचं तेल बदललं. तुम्ही मान हलवायचात. एकदा तुम्ही मास्क बाजूला करून काहीतरी म्हणायला लागलात आणि नर्सने ओरडून परत लावला. मला सुटल्यासारखं वाटलं. तुम्ही गेलात तेव्हाही आधी तेच वाटलं, की तीन आठवड्यांची ती घरघर थांबली. भाभींनाही तसंच वाटलं. त्यांनी मला सांगितलं, मी कुणाला सांगितलेलं नाही.

काल शेवटी मी नितीनला कारण न देता ठणकावून सांगितलं, गाडी घेऊन ये, आजच, हळू चालव. आला. चाक काढून घेतलं, स्टेपनी लावून दिली, टायर उतरवून घेतला.

पावणेबारा.

धातू दिसला, रफीकभाई. पूर्ण गोल, आतली संपूर्ण कड. थिनरने पुसलं, उन्हात नेलं, भिंग लावलं. रेघ नाही. रॉकेल लावलं, पलीकडून खडू. अर्धा तास खुर्चीवर बसून त्या खडूकडे बघत राहिले. कोरडा.

तुम्ही बरोबर होतात, असं मी मोठ्याने म्हटलं. शेडमध्ये कुणी नव्हतं म्हणून म्हटलं.

मग हात धुतले, आणि हात धुताना शांत वाटायला लागायच्या आधीच माझी जुनी खोड जागी झाली. मी रेघ पाहिली होती. मला मोतीबिंदू नाही. लॅकरची चीर असती तरी खाली धातूवर हलका डाग राहतो, हवा लागलेली असते. इथे तेही नाही. परत चाकाजवळ गेले आणि मागच्या बाजूचा ओतकामाचा शिक्का पाहिला, घड्याळासारखा तो छोटा गोल: मध्ये वर्ष, भोवती महिने, महिन्यावर बाण. चाक कधी ओतलं ते त्यावरून कळतं. आतापर्यंत तुमच्या रंगाखाली बुजलेला होता.

वर्ष एकवीस, महिना आठवा.

माझ्या तपासणीच्या वहीत, येणाऱ्या प्रत्येक चाकाचा शिक्का मी उतरवून घेते. त्यावर तुम्ही किती हसलात. "चाकांच्या कुंडल्या मांडताय." वही काढली. नितीनची चारही चाकं: एकोणीस, तिसरा महिना. चारही.

हे चाक त्याचं नाहीच.

मी भाभींना फोन लावला. काय विचारायचं ते ठरवलं नव्हतं.

"भाभी, रफीकभाईंनी एखादं चाक घरी आणलं होतं का?"

"आहे की! जिन्याखाली, पोत्यात गुंडाळून." त्यांच्या आवाजात चक्क सुटका होती. "मी कधीची म्हणतेय तुम्हाला विचारावं. पण माणसांची रीघ चाललीये घरात. तुम्ही नाशिकला गेलात ना, त्याच दिवशी आणलं. माझ्या स्वयंपाकघरात रॉकेल ओतून बसले! दोन दिवस भाजीला वास. वर खडूची पूड सगळीकडे. मी म्हटलं, हे काय चाललंय, तर मलाच बोलावलं. म्हणाले, शमीम, इकडे ये, मला नीट दिसत नाही, इथे ओलं झालंय का बघ."

"झालं होतं?"

"सरळ रेघ! मी बोट ठेवून दाखवलं. मग चष्मा पुसला. आणि म्हणाले, 'हं.'"

भाभीच पुढे म्हणाल्या, "शुक्रवारी नमाजनंतर सगळी नाना पेठ पालथी घातली, तसंच दुसरं चाक मिळावं म्हणून. संध्याकाळी स्कूटरवर पायाशी धरून आणलं. मग शनिवारभर रंगकाम. मी म्हटलं, मंगलताईंना फोन करून सांगून टाका. म्हणाले, त्या विचारतील ना. विचारलं की सांगेन."

"मी विचारलं नाही."

"मला माहितीये. रोज घरी येऊन सांगायचे, आजही नाही विचारलं."

रफीकभाई, तुम्ही माझ्या विचारण्याची वाट बघत होतात आणि मी तुमच्या सांगण्याची. आठ दिवस. पुढे तीन आठवडे. शमीमभाभी म्हणाल्या, "दोघांना समोरासमोर बसवून एकेक थप्पड द्यायला हवी होती." मला ते पटलं.

त्या अजून एक म्हणाल्या. ते फुटलेलं चाक कुणालाही द्यायचं नाही, भंगारवाल्याला तर नाहीच, असं तुम्ही बजावलं होतंत. बरोबर आहे. अख्खं चाक भंगारात गेलं की कुणीतरी ते उचलतं, वरून चमकवतं, आणि ते परत रस्त्यावर येतं. आपल्याकडे तशी किती आली. "म्हणाले होते, मी कापून टाकीन. मंगलताईंना इथे बोलावून, त्यांच्यासमोर."

मी म्हटलं, उद्या सकाळी येते.

मग नितीनला फोन केला आणि सगळं सांगितलं. तडा, तुमचं चाक बदलणं, आणि माझं लॅकरचं खोटं.

"आम्ही घाटात गेलो होतो काकू. बाळाला घेऊन."

"माहीत आहे."

"काकांनी बदललं नसतं तर?"

"तर मी तुला आज हा फोन करू शकले नसते."

"तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

त्याने फोन आपटला नाही, हा त्याचा चांगुलपणा. म्हणाला, चाक तयार झालं की कळवा. उरलेल्या तिन्ही चाकांची आतली बाजूही तपासून द्या. मी म्हटलं, ते मी सांगणारच होते.

दुपारचे साडेतीन. आतली बाजू परत घासून, पुसून, चंदेरी रंग देऊन झाली. आता लॅकर. मी अकरा वर्षांत एकदाही लॅकर मारलेलं नाही. ते तुमचं होतं. कॅलेंडर बाजूला करून खिळ्यावरचा मास्क काढला. नवाकोरा, नुसती धूळ. पहिला हात मारला आणि एका ठिकाणी ओघळ आला. थांबले असते तर तुमचा आवाज ऐकू आला असता, म्हणून थांबले नाही. पुसून परत मारला. तुम्ही मनगट वळवायचा नाहीत, खांद्यापासून अख्खा हात सरकवायचात, आणि गन चाकाबाहेर गेल्यावरच घोड्यावरचं बोट सोडायचात. इतकी वर्षं शेजारी उभी राहून मी तेवढं पाहिलेलं होतं, हे मला आजच समजलं. दुसरा हात बरा बसला. तिसरा चांगला. आतल्या बाजूलाही तीन हात दिले.

तुमच्याइतकं नितळ नाही. जवळून बघितलं तर किंचित खरखर आहे. पण म्हणून मी ते नापास करत नाही, कारण नितळपणाचा तुमचा नियम पुढच्या बाजूचा होता. आतल्या बाजूला मजबुती बघायची. असं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात, पण आता वाद घालायला या.

मला आज बरं वाटतंय, रफीकभाई. बारा दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. तुम्ही गेल्याचं दुःख आहे, ते राहील, पण त्याच्या खाली जी दुसरी गोष्ट मी महिनाभर वागवत होते, ती उतरली. मला वाटत होतं, आपली शेवटची गोष्ट म्हणजे तुमची एक लबाडी आणि माझी एक लबाडी. माझी आहेच. तुमची नव्हती. तुमचा नुसता ताठा होता, आणि ताठा मी चालवून घेते. पंचवीस वर्षं चालवूनच घेतला.

डोळ्यांवरून बोलले ते मात्र परत घेते. खरं होतं, पण तसं बोलायचं नव्हतं.

सोमवार, १० नोव्हेंबर. आज सकाळी मी लहान ग्राइंडर आणि लांब वायर घेऊन भवानी पेठेत तुमच्याकडे गेले. तुमच्यात नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाई उंबरा ओलांडत नाही, म्हणून भाभींना शेडवर नेता येणार नव्हतं. मग काम त्यांच्याकडे नेलं. जिन्याखालून पोतं ओढलं. चाकावर तुमच्या खडूची पूड अजून होती, आणि वाळून पिवळट झालेली ती रेघ. खालच्या बोळात फरशीवर पोतं अंथरलं, चष्मा लावला, कानात कापूस घातला. भाभी दाराच्या आत खुर्ची टाकून बसल्या. शेजारणींनी खिडक्या लावून घेतल्या.

तड्याच्या बरोबर समोरची बाजू आधी कापली. मग चाक आडवं करून हातोड्याचा एकच टोला दिला. दुसरीकडे ग्राइंडर लावायची वेळच आली नाही. तड्यावरून कड आपोआप उघडली.

मी तुटलेलं तोंड उजेडात धरलं. नवीन तुटलेला धातू पांढरा, चकचकीत असतो. जुना तडा आतून काळा पडलेला असतो. इथे पाऊण भाग काळा होता. कड पाव भागावर तगून होती.

तो तुकडा मी भाभींच्या हातात दिला आणि काळं काय, पांढरं काय, ते सांगितलं. त्यांनी ते बोटाने मोजल्यासारखं केलं.

"म्हणजे बरोबर कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"तड्याबद्दल मी," मी म्हटलं. "चाकाबद्दल ते."

त्यांनी मान हलवली आणि तुकडा परत दिला. उरलेलं मी तिथेच आणखी तीन ठिकाणी कापलं, पोत्यात भरलं, पोत्याचं तोंड तारेने बांधलं. मग भाभींकडे केरसुणी मागितली आणि बोळ झाडून काढला. अ‍ॅल्युमिनियमचा कीस बारीक असतो, अनवाणी पायात शिरतो.